माळढोकाचा डावा पाय

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागामागे एक पडवी आहे. तिथे सहा-सात मडकी ओळीने ठेवलेली असत आणि वारा फिरला की मला ग्रंथालयाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. मडक्यांत मेलेले पक्षी असत. तारेला लागून पडलेला मोर, मांज्यात अडकलेला बगळा, वनखात्याकडून कागद करून आलेलं असं काहीबाही. मडक्यातलं पाणी बदलत राहायचं, मांस आपोआप सुटतं. मग हाडं सोड्याच्या कोमट पाण्यात धुवायची, उन्हात वाळवायची आणि तारेनं जोडून सांगाडा उभा करायचा. हे काम मनकर्णाबाई सरवदे करत.

आधी ते त्यांच्या नवऱ्याचं काम होतं. नागनाथ सरवदे या विभागात बावीस वर्षं परिचर होते. २००९ साली ते हृदयविकाराने गेले आणि अनुकंपेवर त्या जागी मनकर्णाबाई लागल्या. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या, दहावी पास, अक्षर मोत्यासारखं. नवरा कामावरून आला की त्याला अंगणात आंघोळ घालूनच घरात घेणारी ही बाई. पहिल्या महिन्यात त्या माझ्याकडे ग्रंथालयात येऊन नुसत्या बसायच्या. म्हणायच्या, "मॅडम, तितं नाक आत जात न्हाय, जरा हितं बसते." वर्षभरात त्यांचं नाक सरावलं आणि दोन वर्षांत हातही. नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या त्याच लिहीत. विभागाच्या कपाटांत आज ज्या चिठ्ठ्या दिसतात त्या सगळ्या त्यांच्याच हातच्या.

विभागाची शान म्हणजे दारातल्या काचेच्या कपाटातला माळढोकाचा सांगाडा. मेलेला नर वनखात्याने रीतसर दिला होता आणि नागनाथनी तो जोडला होता. उजवा पाय जमिनीवर, डावा गुडघ्यात मुडपून उचललेला. पक्षी गवतातून दमादमाने चाललाय असं वाटायचं. बाहेरगावचे पाहुणे त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मनकर्णाबाई रोज सकाळी आधी ती काच पुसायच्या, मग बाकीचं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वळसंगचे तिप्पण्णा खताच्या पिशवीत काहीतरी घेऊन विभागात आले. त्यांची मुलगी काव्या आमच्याकडे बीएस्सीला होती, तिनेच पाठवलं होतं. ओढ्याकाठी शेततळं खोदताना काळ्या मातीखाली घट्ट बसलेली वाळू-गोट्यांचा थर लागला आणि जेसीबीच्या बकेटीबरोबर ही हाडं वर आली. एक चार बोटं लांबीचा नळीचा तुकडा, एक पंखाच्या हाडाचा असावा असा तुकडा आणि एक छोटं पेर.

"मेंढीचं असंल म्हणून टाकून देनार होतो," तिप्पण्णा म्हणाले. "पोरगी म्हणाली, जड लागतंय, दावून या."

विभागप्रमुख डॉ. सिद्धेश्वरी बिराजदार यांनी नळीचा तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि जिभेला लावला. तो चिकटला. मनकर्णाबाई घाबरून पुढे झाल्या तशा मॅडम हसल्या. "दगड झालेलं जुनं हाड जिभेला चिकटतं, बाई. हे हजारो वर्षांचं असणार." मग तुटलेल्या बाजूने आत पाहून म्हणाल्या, "आणि मेंढी नाही ही. आत पोकळ आहे, भिंत पातळ आहे. पक्षी आहे."

एवढा जाड पाय असलेला पक्षी कोणता, यावर विभागात दोन दिवस चर्चा चालली. महाराष्ट्रात जुन्या काळच्या शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली आहेत हे पुस्तकात आहेच; ते पुस्तक मीच काढून दिलं. तिसऱ्या दिवशी मॅडमनी मनकर्णाबाईंना चिठ्ठी लिहायला सांगितली: शहामृग, वळसंग, ओढ्याचा थर. कुणीतरी फोटो वर्तमानपत्राला दिला आणि सोलापुरात शहामृग फिरत होते अशी बातमी आली. वळसंगला लोक शेततळं बघायला जाऊ लागले.

बातमी वाचून पुण्याहून डॉ. विरेश धनशेट्टी यांचा फोन आला. ते मूळचे अक्कलकोटचे, जुन्या प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक. त्यांनी फोटो मागवले आणि तासाभरात सांगितलं की शहामृग शक्य नाही. पायाच्या नळीच्या खालच्या टोकाला जेवढ्या गाठी तेवढी पुढची बोटं. शहामृगाला दोनच बोटं असतात आणि या हाडाला तीन गाठी आहेत. करकोच्यासारखा एखादा मोठा बलाक असावा, पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय सांगणार नाही.

मनकर्णाबाईंनी पहिली चिठ्ठी काढली आणि दुसरी लिहिली: बलाक. त्या दिवशी चहाला आल्या तेव्हा जरा खट्टू होत्या.

"शाळेत आमाला शिकवलं, पुस्तकात लिवलं की ते खरं. मी चिठ्ठी लिवली की पोरं तेच वहीत उतरवून घेत्यात. आता ज्या पोरांनी शहामृग उतरवलं त्यांना कोण सांगनार?"

मी म्हटलं, "सांगतील मॅडम वर्गात."

"परीक्षा झाली की त्यांची," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात जे झालं ते मी स्वतः पाहिलं नाही, मॅडमनी नंतर सांगितलं. मनकर्णाबाई आदल्या वर्षी तलावावर मांज्यात अडकून मेलेल्या चित्रबलाकाची हाडं डब्यातून काढून पुसत होत्या. चित्रबलाक म्हणजे करकोच्याच्याच जातीचा. त्यांनी सहज त्याच्या पायाची नळी वळसंगच्या तुकड्याशेजारी ठेवली. मग दोन्ही पालथ्या केल्या. मग मॅडमना हाक मारली.

"मॅडम, बलाकाला चार बोटं असत्यात. तीन म्होरं, एक मागं. मागचं बोट जितं चिकटतं तितं हाडावर खळगा असतोय, ह्यो बघा. वळसंगच्या हाडाला खळगाच न्हाय. साफ हाय की."

मॅडमनी भिंगातून पाहिलं. खरोखरच साफ होतं.

"मागचं बोट नसलेला मोठा पक्षी," मॅडम हळूहळू म्हणाल्या आणि दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. माळढोकाला मागचं बोट नसतं. माळावर चालणारा पक्षी तो, झाडावर बसत नाही, फांदी धरायची त्याला गरज नाही.

कपाट उघडलं. सांगाडा लाकडी पाटावर तारांनी आवळलेला होता आणि जमिनीवरच्या उजव्या पायाची बोटं पाटात रुतवलेली होती. उचललेला डावा पाय मात्र मोकळा होता, तिथे मोजपट्टीचा चिमटा लावता येत होता. मनकर्णाबाईंनी पाय धरला, मॅडमनी मोजलं. तीन गाठींची रुंदी एकोणीस मिलिमीटर. वळसंगच्या हाडाची पंचवीस. ठेवण तशीच, आतली गाठ तेवढी किंचित वर चढलेली, पण आकार जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने मोठा.

आताच्या नर माळढोकाहून एवढा मोठा, नामशेष झालेला, कुणाला माहीत नसलेला माळढोक. सिद्धेश्वरी मॅडम अत्यंत जपून बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी त्या माझ्याकडे येऊन लॅटिन नावं कशी बनवतात याचं पुस्तक घेऊन गेल्या. नावात वळसंग यायला हवं असं त्यांच्या मनात होतं. परिषदेला निबंधाचा गोषवारा गेला. प्राचार्यांनी सभेत मनकर्णाबाईंना उभं करून त्यांचं कौतुक केलं. त्या उभ्या राहिल्या आणि लगेच बसल्या. मला नंतर म्हणाल्या, "ह्यांनी सांगाडा जोडला म्हणून कळलं. माझं काय हाय त्यात."

जुलैत डॉ. धनशेट्टी आले. उंच, किडकिडीत, बोलताना मध्येच थांबून विचार करणारे. आल्या आल्या मनकर्णाबाईंना म्हणाले, "मावशी, खळग्याचं तुम्ही ओळखलंत ना? फोटोत मला दिसलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे."

मग ते माळढोकाच्या कपाटापुढे बसले. मी तेव्हा तिथे होते, मॅडमनी पुस्तकं मागवली होती. बराच वेळ ते नुसतं बघत राहिले. मग त्यांनी पाटापाशी आडवं होऊन, मान वाकडी करून जमिनीवरचा उजवा पाय मोजला. पुन्हा मोजला. मग डावा.

"हा सांगाडा एका पक्ष्याचा नाही," ते म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी मोजपट्टी मॅडमकडे दिली. उजव्या पायाच्या गाठी चोवीस मिलिमीटर. डाव्या एकोणीस. उजव्या नळीपेक्षा डावी नळी चार सेंटिमीटर आखूड.

"उजवा पाय नराचा आहे. डावा मादीचा. माळढोकाची मादी नरापेक्षा खूपच लहान असते. म्हणून पाय उचललेला दाखवलाय. दोन्ही पाय जमिनीवर टेकवले असते तर पक्षी लंगडा उभा राहिला असता." ते हे अगदी सहज बोलले, बहुधा कौतुकानेच. "ज्याने केलं तो हुशार माणूस होता. मोजलं नसतं तर माझ्याही लक्षात आलं नसतं."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्यांचा सगळा हिशेब डाव्या पायावर उभा होता. वळसंगचा पक्षी मादीपेक्षा तिसऱ्या हिश्शाने मोठा होता, पण नरापेक्षा जेमतेम एका मिलिमीटरने. तेवढा फरक दोन माणसांतही असतो.

मनकर्णाबाईंनी चहाचे कप उचलले आणि मागे पडवीत गेल्या. मी थोड्या वेळाने गेले तेव्हा नळ चालू होता आणि त्या धुतलेलेच कप पुन्हा धूत होत्या.

"मॅडम, तुमी त्यांना वळखत व्हता," त्या म्हणाल्या. "खोटं करनारा मानूस व्हता का त्यो?"

नागनाथ मला आठवत होते ते इतकेच: ग्रंथालयाचं पुस्तक एक दिवस उशिरा आणलं तरी चार वेळा माफी मागणारे.

"पंधरा वर्सं ती काच पुसतीय मी. पाय उचललाय म्हणून पोरांना दावायची. बघा कसं चालतंय म्हणायची. आन त्यो पाय लपवायला उचलला व्हता." मग जरा थांबून, "का चालताना दावायचं म्हणून उचलला, आन पाय कमी पडला म्हणून दुसरा लावला? आधी काय आन मागनं काय, कसं कळावं?"

तो पक्षी ज्याने माळावरून आणला होता तो येडू नावाचा वनमजूर बार्शी रोडवरच्या एका गावात राहतो, हे मनकर्णाबाईंना माहीत होतं. नागनाथांचा तो दोस्त. रविवारी आम्ही दोघी एसटीने गेलो. येडू ऐंशीच्या घरातला, निवृत्त होऊन जमाना झाला होता. अंगणात बाजेवर बसला होता. मनकर्णाबाईंना त्याने लगेच ओळखलं आणि नागनाथची आठवण काढली.

"भावजी, त्यो माळढोक आनलेला तुमच्या ध्यानात हाय का?" मनकर्णाबाईंनी विचारलं. "त्याला दोन्ही पाय व्हते का?"

"व्हते की. मी सवता पोत्यात भरला. एकच पक्षी, दोन पाय."

"डावा पाय दुसऱ्या पक्ष्याचा निघाला."

येडू विचारात पडला. "मग कोल्ह्यानं नेला असंल एक. व्हय, एक पाय नव्हता. म्हनून तर नागनाथ चिडला व्हता माझ्यावर. म्हनला, लंगडा पक्षी कपाटात कसा ठिवू?"

"मग दुसरा पाय कुटनं आला?"

"तलंगीचा आसंल." मादीला तो तलंग म्हणत होता. "एक तलंग तारंला धडकून पडली व्हती. सायबानं पुरायला लावली. ती पुरल्यावर नागनाथ आला व्हता. का पुरायच्या आधी आला? पाय मी दिला म्हनायला याद न्हाय मला. त्यानं मागितला व्हता येवढं खरं. का मीच म्हनलं, ने?"

त्याने बाजेचा सुटलेला काथ्या ओढून घट्ट केला आणि म्हणाला, "का त्यो पाय तुमच्या कालेजातच पडला व्हता जुना? इंग्रजाच्या येळचा येक डबा व्हता म्हनायचा नागनाथ."

त्याची सून चहा घेऊन आली. हळूच म्हणाली, "जो ईल त्याला येगळं सांगत्यात. मनावर घेऊ नका."

परतीच्या एसटीत मनकर्णाबाई खिडकीपाशी बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना ऊस आणि द्राक्षांच्या बागा. त्या म्हणाल्या, "मरून पडलेल्या दोघांचा ह्यांनी एक केला. ह्याला फसवनं म्हणू का जोडनं म्हणू, तेच उमगंना. चिठ्ठी लिवली असती एक बारकी, डावा पाय दुसऱ्याचा म्हणून, तर काय झालं नसतं. पर चिठ्ठ्या लिवायची सवयच नव्हती त्यांना. अक्षर लई वाईट व्हतं, लाजायचे."

हे शेवटचं मला खरं कारण वाटलं. पण तेव्हा मी ते बोलले नाही, कारण मला खात्री नव्हती, आणि आजही नाही.

मॅडमनी परिषदेतला निबंध मागे घेतला. त्यांना वाईट वाटलं होतं, दोन-तीन दिवस त्या दार लावून बसायच्या. मनकर्णाबाईंना मात्र त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "मोजायला मी चुकले, बाई. एकच पाय मोजला. पहिल्या वर्षाच्या पोरीला मी नापास केलं असतं."

हाडं डॉ. धनशेट्टींबरोबर पुण्याला गेली. तिथे त्यांची चित्रं काढली, आतली रचना यंत्राने तपासली, देशातल्या आणि परदेशातल्या माळढोकांच्या सांगाड्यांशी मापं जुळवून पाहिली. मधल्या काळात फोनवर फोन. एकदा कळलं की पंखाचा तुकडा माळढोकाचा वाटत नाही, क्रौंचाचा वाटतो. म्हणजे वळसंगच्या थरातही दोन पक्षी एकत्र झाले होते, ओढ्याच्या पुराने केले होते. मनकर्णाबाई हे ऐकून हसल्या. त्या प्रकरणात त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

"पुरानं केलं तर चालतंय," त्या म्हणाल्या, "मानसानं केलं की चौकशी."

मग कळलं की आतली गाठ जी किंचित वर चढलेली होती, ती तशी आजच्या कुठल्याच माळढोकात सापडली नाही. तपासलेल्या एकोणीस सांगाड्यांत एकातही नाही. म्हणजे वेगळी, संपून गेलेली जात असू शकते. पण एका अर्ध्या हाडावरून नवी जात जाहीर करणं डॉ. धनशेट्टींना पटेना. मॅडमना पटत होतं. दोघांत बरीच पत्रं झाली. एकदा मॅडम मला म्हणाल्या, "सकाळी मला वाटतं धनशेट्टीच बरोबर, दुपारी वाटतं मी बरोबर."

आठ महिन्यांनी निबंध छापून आला. त्यात लिहिलं होतं की पक्षी माळढोकाच्या कुळातला आहे, आजच्या जातीहून बहुधा वेगळा, पण वंश आणि जात निश्चित करता येत नाही. शेवटी एक टीप होती: सोलापूरच्या तुलनेच्या सांगाड्यात दोन पक्ष्यांची हाडं आहेत, तो जोडणारे कै. नागनाथ सरवदे, अभ्यासकांनी डावा पाय मापासाठी वापरू नये. आणि आभारात मनकर्णाबाईंचं नाव, मागच्या बोटाचा खळगा नाही हे प्रथम पाहिल्याबद्दल.

मी ते दोन्ही उतारे त्यांना मराठीत वाचून दाखवले. त्यांनी निबंध हातात घेतला, नवऱ्याचं इंग्रजीतलं नाव बोटाने शोधलं.

"हे चांगल्यासाठी छापलंय का वाईटासाठी?"

"दोन्ही असेल," मी म्हटलं.

"माझं नाव चांगल्यासाठी."

"हो."

"एकाच कागदावर," त्या म्हणाल्या. निबंधाची प्रत त्यांनी घरी नेली. प्रतिक्षाने, म्हणजे त्यांच्या मुलीने, ती बापाच्या फोटोखाली ठेवायची म्हटलं, तर त्यांनी ठेवू दिली नाही. मग चार दिवसांनी स्वतःच ठेवली. का ठेवली हे विचारलं तर म्हणाल्या, माहीत नाही.

सांगाड्याचा डावा पाय काढायचा की ठेवायचा, हे मॅडमनी त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी दोनदा पक्कड घेऊन कपाट उघडलं आणि दोनदा बंद केलं. शेवटी पाय तसाच ठेवून काचेवर चिठ्ठी लावली: माळढोक, नर. डावा पाय मादीचा.

पुढच्या जुलैत तिप्पण्णा आले. काव्याचा निकाल न्यायला आले होते, पण आधी विभागात डोकावले. मनकर्णाबाईंना ते अक्का म्हणत.

"अक्का, मग पक्षी कुटला निघाला? गावात पयलं शहामृग म्हणत होते, मग बगळा म्हणाले. घरी काव्याची आई, शिवम्मा, रोज विचारतीय. आमच्या रानातला हाय, आमाला सांगायला नको का?"

"माळढोकाच्या घरातला हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पर हाच माळढोक का त्याचा कोन चुलता-मालता, ते ठरंना झालंय."

"चुलता म्हंजे आता नसलेला?"

"व्हय. वंश बुडालेला."

"आन ह्यो माळढोक? ह्यो हाय ना?"

मनकर्णाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मोजनीत एखादा दिसतोय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "कुनी म्हनतं त्यो बी न्हाय."

तिप्पण्णांनी मान हलवली. हे त्यांना फारसं पटलं नाही असं दिसत होतं. "पुण्याचे साहेब, बिराजदार मॅडम, एवढी शिकलेली मानसं. वर्ष-दीड वर्ष गेलं. तरी बी?"

"तरी बी."

"मग शिवम्माला काय सांगू मी?"

मनकर्णाबाईंच्या हातात ओलं फडकं होतं, ते त्यांनी घडी घालून टेबलाच्या कडेवर ठेवलं.

"पक्षी व्हता म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. "मोठा व्हता. तीन बोटांचा. तुमच्या ओढ्याकाठी चालत व्हता. एवढं नक्की हाय, बाकीचं आमी बघतोय म्हणावं."

तिप्पण्णांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि निकाल घेऊन वळसंगच्या गाडीला गेले.